पट्टेवाली ताई

माझ्या थोरल्या नणंदेला तिच्या ऑफिसात सगळे पट्टेवाली म्हणतात. शिपाई नाही हो, चांगली डिझायनर आहे. पडदे आणि चादरी विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये जे जे पट्टेरी दिसतं, ते कॉम्प्युटरवर तिनेच केलेलं असतं.

काम सांगायला सोपं. नखाएवढा चौकोन घ्यायचा, अर्धा रंगवायचा, अर्धा रिकामा ठेवायचा आणि पॅटर्न म्हणून सेव्ह करायचा. मग पडद्याच्या चित्रावर एक क्लिक केलं की तोच चौकोन कडेला कड लावून पुन्हा पुन्हा उमटतो आणि वरपासून खालपर्यंत पट्टेच पट्टे. तिरप्या पट्ट्यांत मात्र भलेभले गोते खातात. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात रेघ ओढली की झालं, असं त्यांना वाटतं. उरलेल्या दोन कोपऱ्यांतही रंगाचा ठिपका द्यावा लागतो. तो विसरला, तर प्रत्येक सांध्याला पट्टा उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो. ताईचा पट्टा कधीच तुटला नाही आणि तेच तिला नडलं.

कारण साहेबांनी तिला दुसरं काही करूच दिलं नाही. फुलांची चादर आली की ती नव्या मुलीकडे. ताईने तोंड उघडलं की, "अहो, फुलं कुणीही काढेल. पट्टे तुमच्याशिवाय कोण करणार?" कौतुक करकरून माणसाला कोंडून ठेवणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला त्याचा मनस्वी राग येतो. घरातही तेच. "बसून काम, वर एसी, आणखी काय पाहिजे तिला?" इति आमचे हे. सख्खा भाऊ बरं का!

यंदा मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका बाईंनी तिला कव्हरचं चित्र करून आणायला सांगितलं. आवडलं तर नोकरी पक्की. पट्ट्यांतून सुटायची तिला ही एकच वाट दिसत होती. ऑफिसातून आली की ताई जेवणाच्या टेबलावर पसारा मांडायची आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. तिने जंगल काढलं. माकडं, पोपट, वेली. मी तर बघतच राहिले.

"ताई, आता साहेबांना रामराम ठोका," मी म्हटलं. कितीतरी दिवसांनी ती मनापासून हसली.

चित्र दाखवून आली त्या संध्याकाळी ती थेट गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी चहा घेऊन मागोमाग गेले.

"नाही जमलं," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, छान आहे, पण बघायचं कुणाकडे? मग त्यांनी दोन प्रती शेजारी शेजारी ठेवल्या. उजव्या कडेला अर्धवट कापली गेलेली फांदी पुढच्या चित्रात बरोबर सुरू झाली. माकडाचं शेपूटसुद्धा जुळलं. मी मुद्दाम नव्हतं गं केलं."

"जुळलं तर बिघडलं कुठे?" मी चिडूनच विचारलं.

"कव्हर एकदाच असतं. त्याच्या शेजारी काही जुळायचं नसतं. माझा हात आपला कडाच सांभाळत बसला. मध्ये काय ठेवायचं, ते सुचलंच नाही."

तिचे डोळे भरून आले. मी चहाचा कप तिच्या हातात दिला. "अगदीच नाही म्हणाल्या?"

"काम दिलंय की. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून जो कागद चिकटवतात ना, त्यावर पट्टे हवेत त्यांना."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"तोंडातून निघूनच गेलं गं," ताई म्हणाली. "उभे हवेत की तिरपे?"