वहाळाकडची घरं

"ती खुर्ची मागे ने. तू उभी राहा. तिकडे, बॅनरच्या कडेला. फोटोत येऊ नकोस."

अण्णा हे मला म्हणाले तेव्हा मांडवात सगळं गाव बसलं होतं. खुर्ची मी घेतली नव्हती. पाहुण्या बाईंनी स्वतः ओढून दिली होती, दुभाषी जवळ असावी म्हणून. मी ती उचलून मागे ठेवली आणि बॅनरच्या बांबूपाशी उभी राहिले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं असेल, इथली पद्धत असेल. होतीच.

दोन पावसाळ्यांपूर्वी डोंगर खाली आला आणि आमची घरं गेली. माणसं वाचली. तेव्हापासून सगळं गाव देवरूखच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं. नॉर्वेतल्या एका संस्थेने नव्या घरांसाठी पैसे दिले. जागा अण्णांची. त्यांचं घराणं पूर्वीचं खोत. पुनर्वसन समितीचे अध्यक्षही तेच. त्या दिवशी किल्ल्या वाटायच्या होत्या, आणि संस्थेच्या बाई त्यासाठी आल्या होत्या. गावात सलग इंग्रजी बोलणारी मी एकटी. बाबांनी मुंबईत शिपायाची नोकरी करून मला रत्नागिरीत इंग्रजी शाळेत ठेवलं. तिथे मला इंग्रजी आलं तसं गप्प बसणंही आलं. जास्त बोललं की लोक आडनाव विचारतात.

घरं नवी, मांडणी जुनी. वर सड्यावर, कातळाच्या सपाटीवर, बाकी सगळ्या वाड्या. खाली उतार संपतो तिथे, वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाला, बौद्धवाडी. भर पावसात वहाळ कुठपर्यंत चढतो ते गावातल्या लहान पोरालाही माहीत आहे.

घरं बांधायच्या आधी बाबा समितीच्या बैठकीत उभे राहिले होते. म्हणाले, "अण्णा, चिठ्ठ्या टाकूया. ज्याला जे निघेल ते."

"अरे, तू मुंबईत जन्म काढलास, तुला नाही कळायचं," अण्णा म्हणाले. "शिमग्याला पालखी दारोदार नाचते. तुम्ही पालखी घेत नाही. मध्येच तुमची दारं आली तर देवाने काय उड्या मारत जायचं?"

सगळे हसले. बाबाही हसले. ते हसणं मी दारातून पाहिलं.

तर त्या दिवशी बाई बोलायला उठल्या. त्या मूळच्या व्हिएतनामच्या. सहा वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांचं कुटुंब रात्रीतून लाकडी होडीत बसून देशाबाहेर पडलं. इंजिन बंद पडलं. पाणी संपलं. मोठी जहाजं जवळून गेली, थांबली नाहीत. शेवटी एका मालवाहू जहाजाने त्यांना वर घेतलं. मग छावणी. मग नॉर्वेतलं एक बर्फाचं गाव. तिथल्या लोकांनी त्यांना कोट दिले, भांडी दिली, भर वस्तीत घर दिलं.

मी वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत गेले. बायका डोळे पुसत होत्या. पुढच्या रांगेतली एक काकी म्हणाली, "बाय गो, एवढ्याशा पोरीने काय काय सोसलं." हीच काकी शेडमधल्या नळावर आईची बादली पायाने बाजूला सारायची.

टाळ्या झाल्या. किल्ल्यांचं ताट आलं. बाईंचं लक्ष उताराकडे गेलं. त्यांनी मला विचारलं, ती खालची घरं कोणाची? वर एवढी जागा असताना ती तिकडे का?

अण्णांना प्रश्न कळला. ते हसतच मला म्हणाले, "सांग त्यांना, त्या लोकांना खालीच आवडतं. पहिल्यापासून तशीच सवय आहे त्यांना."

त्या लोकांना. आणि मी समोर उभी.

मी आधी अण्णांचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मग पुढे बोलले. हे खरं नाही. त्यांना कोणी विचारलं नाही. त्यांनी चिठ्ठ्या मागितल्या, तर सगळे त्यांना हसले. ते लोक म्हणजे आम्ही.

मग तेच सगळं मराठीत सांगितलं. दुभाषी होते मी, कोणाला कळलं नाही असं राहायला नको.

अण्णांनी माइक घेतला. "मुलगी घाबरली आहे," ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले. बाईंनी ताटातली पहिली किल्ली उचलली आणि वाटायला सुरुवात केली.

निघताना त्यांनी मला गाडीपर्यंत नेलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, भर वस्तीत घर मिळालं हे खरं. पण शेजारचे वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. दारावर घाण फासलेली असायची, आई सकाळी उठून ती धुवायची. मी भाषणात ते सांगत नाही. ते सांगितलं तर लोक पैसे देत नाहीत.

मी विचारलं, मग आमच्या घरांचं काय?

"मी इथे पाहुणी आहे," त्या म्हणाल्या. गाडी गेली.

त्या बाईंचा मला राग आला नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या आभार मानताहेत, एवढंच कळलं. ज्याला कोणी निवारा दिला, त्याने त्याची गोष्ट देणाऱ्याला आवडेल तशीच सांगायची. मलाही तेवढ्यासाठीच उभं केलं होतं.

वाडीतल्या बाकीच्यांना किल्ल्या मिळाल्या. ते खाली राहायला गेले. मी त्यांना दोष देत नाही. आमची किल्ली अण्णांनी ठेवून घेतली. निरोप आला, पोरीने गावासमोर माफी मागावी आणि किल्ली न्यावी.

"गप्प राहिली असतीस तर काय बिघडलं असतं?" बाबा म्हणाले. "वहाळाकडचं तर वहाळाकडचं. भिंती तरी होत्या."

आईने गळक्या पत्र्याखाली परात सरकवली.

बाबांचं चुकत नाही. पाऊस तोंडावर आहे. शेडमध्ये आता आमचंच एक कुटुंब उरलं आहे, वीजही तोडली. बाई लिहितील, कोणी येईल, काही बदलेल, असं मला वाटत नाही. माझ्या एका शब्दासाठी आई-बाबा चिखलात राहणार, हेही मला माहीत आहे. ते ओझं माझंच आहे. तरी माफी नाही.

निरोप घेऊन आलेल्या माणसाला मी दारात उभं राहून उत्तर दिलं. बाबा आत होते, त्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"अण्णांना सांगा, सगळ्या गावाच्या चिठ्ठ्या टाका. आमच्या नावाने वहाळाकडचंच घर निघालं, तर त्याच दिवशी राहायला जाऊ. तोवर किल्ली तुमच्याकडेच राहू दे."