उजव्या अंगाला माल बसलाय

इथले भुताखेतांचे अनुभव मी तीनेक वर्षांपासून वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायलाच वाचते. पांढरी साडी, उलटे पाय, फाट्यावर लिफ्ट मागणारी बाई... आमच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे. करणी, उतारा, अंगात येणं असलं काही कुणी बोललं तर आमची आई लाटणं हातात घेऊनच उठायची. मीही तिचीच लेक. एका ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे, सही-शिक्का असल्याशिवाय कुठल्या कागदावर विश्वास ठेवत नाही. तरी लिहितेय. हसायचं असेल तर हसा, तुमच्या जागी मीही हसले असते.

आम्ही वसमतचे. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागे आमची गल्ली, दोन खोल्या, वर पत्रे. आई जाऊन चार वर्षं झाली, त्यामुळे घरात मी आणि बाबा, एवढेच. बाबांनी उभी हयात हळद पॉलिशच्या मशीनवर काढली. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उकडून वाळवलेली हळद पत्र्याच्या मोठ्या ढोलात टाकतात, ढोल गरागरा फिरतो, हळकुंडं एकमेकांवर घासून चकचकीत होतात आणि वरची साल पिवळा धुराळा होऊन उडते. त्यातला निम्मा मशीनवरच्या माणसाच्या छातीत जातो. तोंडाला रुमाल बांधायचा, हाच काय तो बंदोबस्त.

बाबांच्या जोडीला दादारावकाका असायचे. एकाच ढोलावर दोघं, वीस वर्षं. लहानपणी मी डबा घेऊन जायचे तेव्हा काकांचं एक काम तोंड उघडं टाकून बघत राहायचे. ढोल रिकामा केला तरी आत कुठेतरी ओलसर माल चिकटून बसतो. बाकीचे लोक दांडकं घेऊन सगळ्या ढोलावर धडाधडा मारायचे. काका मात्र तळवा पोकळ करून बाहेरून एकदा थापटायचे, कान द्यायचे, वीतभर सरकून पुन्हा थापटायचे. आवाज घुमला की जागा रिकामी, दबका आला की तिथे माल. मग त्याच जागेवर तीन भरभर आणि एक जोरात... तीन आणि एक, तीन आणि एक. “हितं बसलाय माल,” म्हणायचे, आणि आतून पिवळा गठ्ठा धप्पकन खाली यायचा. त्यांचा अंदाज चुकलेला मी कधी बघितला नाही.

पुढे दोघांच्याही छातीने दगा दिला. काका गेल्या दिवाळीआधी गेले. बाबा आहेत.

बाबांच्या दुखण्याला डॉक्टर ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. म्हणजे श्वासाच्या नळ्या सैल पडून त्यांच्या पिशव्या झाल्यात आणि त्यात कफ साचत राहतो. डावी बाजू जास्त खराब, खालचा भाग तर कामातूनच गेलेला. हे बरं होत नाही, फक्त सांभाळायचं. नांदेडच्या दवाखान्यात फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला सगळं शिकवलं. सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी, मग मशीनवर मिठाच्या पाण्याची वाफ, मग कमरेखाली उशी देऊन एका कुशीवर झोपवायचं आणि वर आलेल्या बाजूच्या बरगड्यांवर, पाठीकडून, पोकळ तळव्याने थापटायचं. शेवटी आरशावर वाफ धरतो तसा “हाऽ” करून श्वास सोडायला लावायचा, म्हणजे बेडका सुटून वर येतो. तो झाकणाच्या डब्यात घ्यायचा, रंग बघायचा. पांढरा असेल तर ठीक, हिरवा झाला तर दवाखाना गाठायचा. बाबांचा कायम पिवळा. ते म्हणायचे, “हळदीनं पोसलं, हळदच निंघून राहिली.”

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र तीन-तीनदा बजावली होती. खोकला दाबायचा नाही. खोकला हा घरातला झाडू आहे, झाडू काढून घेतला तर घाण कशी निघणार?

आणि मी नेमकं तेच केलं.

मे महिन्यातली गोष्ट. मला बघायला कनेरगाव नाक्याहून पाहुणे यायचे होते. माझं वय एकतीस, त्यामुळे घरात हा विषय निघाला की बाबांचा चेहरा आधीच पडतो. यावेळी ते स्वतःच म्हणाले, “माय, पाव्हन्यापुढं म्या खोकलो की टीबी हाय म्हनतेत. मागच्या बारीला बी तेच झालं. चार घंटे खोकला बंद राहील असं कायतरी आन.”

मी नाही म्हणायला हवं होतं... मला सगळं माहीत होतं. पण खरं लिहायचं ठरवलंय तर लिहिते, मलाही त्या दिवशी घरात तो खोकला नको होता. मेडिकलवाल्याला सांगितलं, कोरड्या खोकल्याचं द्या, झोप आणणारं असलं तरी चालेल. बाबांना कोरडा खोकला नाहीच, हे त्याला कुठून कळणार? तीन दिवस बाबांनी ते औषध घेतलं. घर कसं शांत झालं! ना खोकला, ना डबा. सकाळी मी थापटायला बसले तर बाबा म्हणायचे, “ऱ्हाऊ दे आज, काय निंघून नाई राहिलं.” आणि मी, शहाणी, रविवारीही तशीच उठून पोह्यांचे कांदे चिरायला गेले.

पाहुणे दहा वाजता आले. पोहे खाल्ले, चहा घेतला, मला बारावीला मार्क किती होते ते विचारलं आणि “कळवतो” म्हणून साडेबाराला गेले. बाबा अडीच तास ताठ बसून होते, एकदाही खोकले नाहीत. पाहुणे गेल्यावर माझ्याकडे बघून हसले. परीक्षेत पास झालेल्या लेकरासारखे. मग दोन घास खाऊन झोपले.

अडीचच्या सुमाराला मी भांडी घासत होते. लाइट एक वाजल्यापासून गेलेली. घरात इतकी शांतता की मला आधी बरं वाटलं आणि मग हातातलं भांडं तसंच टाकून मी उठले. आत जाऊन बघते तर बाबांचे ओठ काळेनिळे. गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जातोय. डोळे उघडे, पण बोलता येत नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावला, चौऱ्याहत्तर.

वाफेच्या मशीनला लाइट नाही. १०८ला फोन केला तर म्हणाले, गाडी कुरुंद्याच्या बाजूला आहे, अर्धा तास लागेल. दोन रिक्षावाल्यांना फोन केले. लग्नसराई, दोघेही वरातीत. मोटारसायकलवर बसण्याच्या अवस्थेत बाबा नव्हतेच. मग मी बाबांना नेहमीसारखं उजव्या कुशीवर केलं, म्हणजे खराब डावी बाजू वर, कमरेखाली उशी, आणि थापटायला लागले.

किती वेळ थापटलं? वीस मिनिटं तरी. मनगटं सुजली. मध्येच “हाऽ करा बाबा, हाऽ करा” म्हणत होते, पण त्यांच्यात हाऽ करायचं बळच नव्हतं. औषधाची गुंगी होती, मी आणलेल्या औषधाची. शेवटी मी ओरडायला लागले, “खोका ना बाबा! एकदा खोका!” तीन दिवस ज्या खोकल्याला घराबाहेर काढलं त्याच्यासाठी मी पदर पसरून रडत होते. आकडा एकोणसत्तरवर आला. काहीही सुटलं नाही.

तेवढ्यात ॲम्ब्युलन्सवाल्याचा फोन. “बाई, कौनसी गल्ली बोले तुम? इधर तो सब गोदामां दिख रहे.” गल्ली सापडत नव्हती त्याला. मी बाबांना तसंच सोडून पळाले. शेजारच्या रुक्मिनबाई त्यांच्या ओट्यावर, आमच्या दारासमोरच, तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांना म्हणाले, “मावशी, बाबांकडं ध्यान ठेवा.” त्या गुडघ्यांमुळे लगेच उठू शकत नाहीत, पण दार त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आणि आमच्या घराला दुसरं दार नाही, हे लक्षात ठेवा.

गल्लीच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीजवळ उभी राहून मी गाडीला हात दाखवला. फार तर चार मिनिटं झाली असतील. गाडीच्या पुढे पळत परत आले तर रुक्मिनबाई म्हणाल्या, “कोन आलंय वं तुमच्याकडं? दारातून जाताना तर कोनी दिसलं नाई, आन् लई जोरानं थापटून राहिलंय.”

मी थांबले. आणि मलाही ऐकू आलं.

आतून थापटण्याचा आवाज येत होता. एक... मग थांबून दुसरी, जरा सरकून. पहिली घुमली, दुसरी घुमली. तिसरी दबकी. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग सुरू झालं, तीन आणि एक. तीन आणि एक. भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना, आमच्या घरातून. तो ठेका मी डबा घेऊन उभं राहून किती वेळा ऐकला होता, तुम्हाला काय सांगू.

पडदा बाजूला केला आणि आवाज बंद झाला. आत बाबांशिवाय कुणीही नव्हतं.

पण बाबा आता डाव्या कुशीवर होते. तोंड भिंतीकडे, उजवी बाजू वर, उशी बरोबर कमरेखाली सरकवलेली. ज्या माणसात हाऽ करायचं बळ नव्हतं तो माणूस! माझ्या डोळ्यांदेखत त्यांचं सगळं अंग हललं आणि ते खोकले. असा खोकला मी आयुष्यात ऐकला नाही, पोटाच्या तळातून आलेला. पलंगाखालचा डबा घ्यायलाही मला सुचलं नाही, मी ओंजळच पुढे केली. त्यात जे पडलं ते घट्ट, पिवळं, हळकुंडाच्या बोटासारखं होतं, अगदी फाटे फुटलेलं. मला किळस आली नाही. मी ते धरून मोठमोठ्याने रडत होते आणि बाबा श्वास घेत होते, सुंऽ करून, लांब.

ॲम्ब्युलन्सवाला आत आला तेव्हा ऑक्सिमीटर ब्याऐंशी दाखवत होता.

दवाखान्यात बाबा आठ दिवस होते. पहिल्याच दिवशी एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, यावेळी अडकलं होतं ते उजव्या बाजूला, चांगल्या फुप्फुसात. डावं तर आधीच गेलेलं, त्यात उजव्याचं दार बंद झालं. “तुम्ही त्यांना डाव्या कुशीवर घेतलंत म्हणून वाचले. कसं ओळखलंत?” मी काय सांगणार? मी तर वीस मिनिटं चुकीच्या बाजूला थापटत होते. मी म्हणाले, असंच, अंदाजाने.

त्या खोकल्याच्या सिरपचं मात्र मी सांगितलं. त्यांनी जे ऐकवलं ते मला ऐकायलाच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी बाबा बोलायला लागले. मी विचारलं, “बाबा, तुमी कुशीवर कसे वळलात?”

“म्या कुठं वळलो?” बाबा म्हणाले. अगदी साधेपणाने, कोण भेटायला येऊन गेलं ते सांगावं तसं. “दादाराव आलता की. म्हनला, उजव्या अंगाला माल बसलाय, आन् ही पोरगी डाव्या अंगाला थापटून राहिली.”

आता तुम्ही म्हणाल ते सगळं मी स्वतःला म्हणून झाले आहे. ऑक्सिजन कमी पडला की माणसाला भास होतात, मान्य. बाबांना भास झाला. पण मग रुक्मिनबाईंना काय झालं होतं? त्यांचा ऑक्सिजन चांगला होता, डाळीतला एकेक खडा त्यांना दिसत होता. जीव जायला लागला की अंगात बळ येतं आणि बाबा आपोआप वळले, हेही एक वेळ मान्य. पण स्वतःच्या पाठीवर कुणी स्वतः थापटू शकतं का? मी घरी करून बघितलं. हात पोचत नाही. याच्यापुढे माझं डोकं चालत नाही.

एक गोष्ट मात्र मी वर गाळली. ती लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

दादारावकाकांना मूलबाळ नव्हतं. बायको आधीच गेलेली, डोंगरकडा हे मूळ गाव कधीच सुटलेलं. मोंढ्याजवळ खोली करून एकटे राहायचे. मी नांदेडहून हे थापटणं शिकून आले तेव्हा बाबा म्हणाले, “त्याच्या बी पाठीवर थापटत जा की, माय. त्याचं कोन हाय?” मी नऊ दिवस केलं. काका सकाळी यायचे, ओट्यावर शर्ट काढून बसायचे आणि झाल्यावर म्हणायचे, “तुझा हात बराबर हाय, फकस्त आयकत जा. आवाज सांगतो.” दहाव्या दिवशी ते येऊन बसले, आणि मी चप्पल घालत म्हणाले, “काका, आज टाइम न्हाई वो.” टाइम होता. गल्लीत बायका बोलायला लागल्या होत्या, आपल्या बापाचं झालं तर झालं, दुसऱ्याचं कशाला? आणि मला त्या डब्याचा कंटाळा आला होता. काका म्हणाले, “असू दे माय, तुला आफिस हाय.” शर्ट घातला. त्यानंतरही ते यायचे, बाबांशी बोलत बसायचे, पण पाठ कधी पुढे केली नाही. आणि मीही कधी विचारलं नाही. पाच-सहा महिन्यांनी ते त्यांच्या खोलीतच वारले. छातीत कफ अडकला होता. जवळ कोणी नव्हतं.

हे बाबांना मी दवाखान्यातच सांगितलं, रडत रडत. आणि विचारलं, “काका माझ्याबद्दल काही म्हनले का?”

बाबांनी जरा आठवल्यासारखं केलं.

“म्हनला ना. पोरीचे हात दमले असतील, म्हनला. तिला बसू दे जरा, म्या थापटतो.”