मठातला खर्ज

पास्क्वाचा आवाज चौदाव्या वर्षी फुटला, तोही पोरग्यांसारखा. इटलीत मोदेनाच्या डोंगरातल्या तिच्या गावाने आधी थट्टा केली, मग कुजबुज सुरू केली. जमलेलं लग्न मोडलं. एकोणिसाव्या वर्षी भावाने तिला बोलोन्यातल्या एका मठात आणून सोडलं. हुंडा नसलेल्या पोरींना तिथे ठेवून घेत, पण कामाला. गायला बसायच्या त्या बड्या घरच्या सिस्टर. पास्क्वा अकरा वर्षं पीठ मळत राहिली आणि होता होईल तो मान हलवूनच उत्तरं देत राहिली.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासात वरून हुकूम आला : मठात ऑर्गनशिवाय दुसरं वाद्य वाजता कामा नये. गाणं बसवणाऱ्या सिस्टर लाउदोमियाची पंचाईत झाली. तिच्या गुरूंनी शेवटच्या आजारात रचलेली पाच आवाजांची मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या मोठ्या उपासनेचं गाणं, ती ईस्टरला सिस्टरांकडून गाऊन घेणार होती. त्यातला सगळ्यात खालचा आवाज आजवर एक सिस्टर तुतारीवर वाजवायची. आता खर्ज धरणार कोण?

दोनच दिवसांनी तळघरात दारूचं पिंप घसरलं. "दोर सोडू नका गं!" खालून गर्जना झाली. लाउदोमिया धावत जिन्यापाशी आली.

"खाली पुरुष कोण आहे?"

"पुरुष नाही सिस्टर, मी आहे. पास्क्वा."

"पुन्हा बोल."

"काय बोलू?"

"काहीही. हवं तर शिव्या दे मला."

गाणाऱ्या सिस्टरांनी नाकं मुरडली. "आता कांदे सोलणारी आमच्या शेजारी उभी राहणार?" एकीने विचारलं. "मग तू धर खर्ज," लाउदोमिया म्हणाली, "आम्ही ऐकतो." मठाच्या प्रमुख मदर सेमिदेया यांनी तोडगा काढला : पास्क्वाने ऑर्गनच्या मागे बसून गावं.

पास्क्वाला अक्षरओळख नव्हती. लाउदोमियाने तिच्या डाव्या हाताच्या पेरांवर एकेक सूर बसवून दिला. शब्दांचा अर्थ सांगितला, चुकली तर हसली, पण रागावली कधी नाही. पाचही आवाज पहिल्यांदा एकत्र लागले, तेव्हा पास्क्वा मधेच थांबली.

"काय झालं गं?"

"कुणीतरी माझ्या खांद्यावर उभं आहे असं वाटलं, सिस्टर."

"आम्ही सगळ्या उभ्याच आहोत. तू हलू नकोस म्हणजे झालं."

ईस्टरला ती हलली नाही. सिस्टरांना आडोसा देणाऱ्या जाळीपलीकडे बसलेल्या शहरातल्या लोकांचे मात्र कान टवकारले. तिसऱ्या दिवशी बिशपांचे अधिकारी फादर दोन माणसं घेऊन दारात हजर. मठात पुरुष लपवलाय, अशी तक्रार होती. त्यांनी तळघर पाहिलं, ऑर्गनच्या मागे वाकून पाहिलं, कपड्यांच्या पेट्यासुद्धा उघडल्या. मदर शांतपणे मागून फिरत होत्या. शेवटी त्यांनी पास्क्वाला बोलावलं. ती पिठाच्या हातांनीच आली.

"ही कशाला?" फादर वैतागले.

"गा, पास्क्वा," मदर म्हणाल्या.

तिने डोळे मिटले आणि एकटीने मिस्सेचा खर्ज लावला. फादरनी टोपी काढली. ती थांबल्यावर ते हळूच म्हणाले, "पुन्हा एकदा."

"अजून शंका आहे, फादर?"

"शंका नाही हो, मदर. ऐकायचंय."

पुढच्या ईस्टरला पास्क्वाचं बाकडं ऑर्गनच्या मागून पुढे आलं. स्वयंपाकघर सुटलं नाही, तिला सोडायचंही नव्हतं. सव्वीस वर्षं ती मळत राहिली आणि गात राहिली. ज्या आवाजाची लाज वाटायची, त्याच्यासाठी ती आता रोज सकाळी देवाचे आभार मानायची, आणि त्याच दमात लाउदोमियाचेही.

म्हातारपणी लाउदोमियाचे कान गेले. ईस्टरच्या दिवशी पास्क्वा तिला आपल्या बाकड्यावर घेऊन बसायची, पाठीला पाठ लावून. मिस्सा सुरू झाली की तो खर्ज लाउदोमियाच्या हाडांतून चढायचा. ती डोळे मिटून ठेका धरायची, आणि एका जागी दरवर्षी पुटपुटायची, "इथे जरा हळू गं, पोरी."

पास्क्वा तिथे हळू व्हायची.