सात्यांचा रंग

आईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं आणि त्याच पावसाळ्यात तिला सात्या ओळखू येईनाशा झाल्या.

सात्या म्हणजे जंगलात वारुळावर उगवणारी अळंबी. नागभीडकडच्या आमच्या गावात पावसाळ्यात घरोघरी त्यांची भाजी होते. कुणाला शंका आली की टोपली आधी आमच्या ओसरीवर यायची. आई एकेक उचलून उलटी करायची, देठ चिमटीत दाबून बघायची आणि दोन ढीग लावायची. एकाची भाजी व्हायची, दुसरा उकिरड्यावर जायचा. खालचे पापुद्रे हिरवट दिसले की ती अळंबी विषारी, असं ती सांगायची.

त्या श्रावणात मी सुटी काढून गावी गेले होते. आई, शेजारची काकू आणि मी सकाळी निघालो. वाघाच्या भीतीनं मोठ्यानं बोलत चाललो होतो, फार आतही शिरलो नाही. सागाच्या कडेनं एक जुनं वारूळ आहे, त्याच्याभोवती सात्या दाट उगवल्या होत्या. काकू लगेच खाली बसून तोडायला लागली. आईनं एक उपटली, उलटी केली आणि हातातच धरून राहिली.

"ह्या हिरव्या काऊन दिसून राह्यल्या?" ती म्हणाली.

"कुठी हिरव्या, बाई? पांढऱ्या तं आहेत," काकू म्हणाली.

आईनं ती माझ्यापुढे धरली. टोपीच्या मधोमध सात्यांना असतं तसं टोक होतं, मातीत गेलेला लांब देठही होता. खालचे पापुद्रे मला पांढरेच दिसले. पण आई म्हणाली, "नीट पाह्य," म्हणून मी पुन्हा पाहिलं. सागाच्या पानांतून उजेड येत होता, माझ्या हातावरसुद्धा हिरवट छाया होती. पापुद्र्यांवर तसलीच झाक आहे असं आता मलाही वाटायला लागलं. खरंच दिसतेय की आईनं म्हटलं म्हणून, ते कळेना.

आम्ही निम्म्या सात्या आणल्या, निम्म्या काकूनं नेल्या. घरी मी त्या अंगणात उन्हात पसरल्या, मग आत दिव्याखाली. मला सगळीकडे पांढऱ्याच दिसल्या. आई मात्र एकदा निळसर म्हणे, एकदा हिरवट. मग तिनं पेटीतलं एक लुगडं काढलं. "हे मले साईसारखं दिसे. आता पाह्य, चुन्यावानी पांढरं आहे. मंग आजवर मी काय पाह्यत होती?"

मी तिच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मोतीबिंदूनं सगळं पिवळट दिसतं, तो काढल्यावर काहींना काही दिवस निळं जास्त दिसतं, सवय होईल. मी आईला तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि सगळ्या सात्या खड्ड्यात पुरल्या.

संध्याकाळी ती उठून काकूकडे गेली. मी मागोमाग गेले. चुलीवर भाजी शिजत होती.

"नोको खाऊ वो," आई म्हणाली. "मले भरोसा नाई वाटून राह्यला."

काकूनं हात थांबवला. "बाई, तुमच्याकडूनच तं शिकली मी. टोक पाहा, देठ पाहा, वारूळ पाहा. त्यातलं का चुकलं, सांगा."

आई माझ्याकडे बघायला लागली, काकूही. मी म्हटलं, "शंका आहे तर राहू दे ना, काकू." माझ्या बोलण्यात काही जोर नव्हता. काकूनं कढई उतरवून बाजूला ठेवली. त्यांच्या घरी त्या दिवशी वरण-भात झाला.

तिनं ती भाजी रात्री फेकली, असं ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिचा नवरा ओट्यावर बसून विडी ओढत होता, आणि मला पाहून हसत म्हणाला, "सात्या बेस झाल्या होत्या, पोरी." तो खरंच खाऊन बसला होता की माझी फिरकी घेत होता, मला समजलं नाही. मी काकूला विचारलं. ती म्हणाली, "त्याचं का ऐकतेस." तो ठणठणीत होता, एवढं मात्र खरं. मी हे आईला सांगितलं नाही. सांगून तिला बरं वाटलं असतं की आणखी वाईट, ते ठरवता आलं नाही.

भादव्यात मी पुन्हा गेले तेव्हा ओसरीवर कुणाची तरी टोपली आली होती. आईनं त्यातली एक उचलली, देठ दाबला, वास घेतला आणि माझ्या हातात दिली. "तू सांग."

मी ती उलटसुलट केली. "सात्यांतलीच वाटते."

"वाटते का आहे?"

मी ती पुन्हा उलटी केली. तिनं ती परत घेतली, तिसरीकडेच, एकटी ठेवली, आणि टोपलीतली दुसरी उचलली.