मोगऱ्याला कात्री लावायची नसते

त्या सकाळी मी नेहमीसारख्या दोन खुर्च्या बाल्कनीत उन्हात मांडल्या होत्या. छातीतला कफ हटत नाही म्हणून वसुधाताईला हॉस्पिटलात ठेवून घेतलं होतं, पण आज-उद्या सोडतील असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. दिल्लीच्या जानेवारीत धुकं विरून ऊन पडलं की माणसाला कशाचीच भीती वाटत नाही. मटारच्या शेंगांची परात मांडीवर घेतली आणि तिच्या यजमानांचा, भावजींचा फोन आला. "मंजू, वसुधा गेली गं…" मी नुसतं "हो" म्हणाले. का म्हणाले, ठाऊक नाही. फोन ठेवून शेंगा सोलत राहिले. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, दाणे कचऱ्यात चालले होते आणि सालं पातेल्यात.

लग्न होऊन मयूर विहारच्या या सोसायटीत आले तेव्हा माझं हिंदी ऐकून भाजीवालासुद्धा तोंड फिरवून हसायचा. समोरच्या ब्लॉकमधून एक बाई आमटीचं पातेलं घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "मराठी ना? उंबऱ्यावरच्या रांगोळीवरून ओळखलं." ती वसुधाताई. माझ्यापेक्षा बरीच मोठी, पण अहो-जाहो केलं की चिडायची. तिनं मला भाजीवाल्याशी भांडायला शिकवलं, मेट्रोत कोपरानं जागा करायला शिकवलं. मला डेंग्यू झाला तेव्हा ती आमच्या दिवाणावर मुक्काम ठोकून होती, माझ्या मुलाच्या शाळेचे डबेसुद्धा तिनंच केले. हे सगळं खरं आहे. म्हणून तर पुढचं लिहिणं अवघड आहे.

तिची बाल्कनी एका खाटेएवढी. पण मे महिन्यात, लूच्या झळा सुटलेल्या असताना, सगळ्या सोसायटीच्या कुंड्या करपून जायच्या आणि हिच्याकडे फुलं! बुटकी तगर, लालभडक एक्झोरा, छाटून छाटून गुडघ्याएवढी ठेवलेली बोगनवेल, आणि भिंतीलगत ओळीनं बटमोगरा. ही विद्या तिनं मला हातचं न राखता दिली, असं मी समजत होते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं उकडतात, मातीचीच घे. छोटी कुंडी मोठ्या कुंडीत ठेव आणि मधल्या फटीत ओली वाळू भर. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेव, सावली मिळते. दुपारी पाणी घातलंस तर माझ्याशी बोलू नकोस. तिच्या सांगण्याप्रमाणे केलं आणि माझी तगर फुलली, एक्झोराही फुलला. मोगरा तेवढा फुलेना. तो नुसता लांब लांब फांद्या टाकत ग्रिलवर चढायचा आणि मेच्या अखेरीस चार फुलं तोंडावर फेकल्यासारखी द्यायचा. कात्री घेऊन उभी राहिले की ती माझा हात धरायची. "मोगऱ्याला कात्री लावायची नसते गं, रुसतो तो." मग दर वर्षी मी ठेलेवाल्याकडून नवं रोप घ्यायचे. "फूल पक्का आएगा, मैडम." कसलं येतंय!

आमच्या भागातल्या मराठी बायकांचं चैत्रातलं हळदीकुंकू म्हणजे वसुधाताईचा दिवस. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे हे कुणीही करील, पण प्रत्येकीच्या ओंजळीत घरचा मोगरा घालायचा मान तिचा. गुरुग्रामहून दोन-दोन तास गाडीत बसून बायका यायच्या त्या याच फुलांसाठी. "मंजूताई, तुमचा मोगरा यंदाही नाही का?" असं कुणीतरी हमखास विचारायचं. मग वसुधाताई पहिला गजरा माझ्या केसांत माळायची आणि सगळ्यांदेखत म्हणायची, "तिच्या बाल्कनीला ऊनच कमी पडतं, ती तरी काय करणार बिचारी. हा तुझाच समज हो मंजू." माझे डोळे भरून यायचे. आता तो गजरा आठवला की डोक्यात मुंग्या चावल्यासारखं होतं.

कारण बघा, थंडीत ती रोज माझ्याकडे उन्हाला यायची. "तुझ्याकडे काय मस्त ऊन आहे गं," म्हणत संत्री सोलायची. आणि चैत्रात माझ्याच बाल्कनीला ऊन नाही! ही दोन्ही वाक्यं वर्षानुवर्षं मी एकाच तोंडातून ऐकली आणि एकदाही शेजारी शेजारी ठेवून पाहिली नाहीत. थंडीत तिच्या बाल्कनीच्या दारावर कायम एक जुनी चादर असायची. "कबुतरांनी वैताग आणलाय," ती म्हणायची. कबुतरांचा वैताग कुणाला नाही इथे? मी कशाला चादर उचलून बघू?

ती गेल्यानंतर मी त्यांच्याकडे चहा-जेवणाचं बघायला जात होते. बंगळुरूहून मुलगा-सून आली होती, माणसांची ये-जा होती. दुसऱ्याच दिवशी मी ती चादर बाजूला केली. मोगऱ्याच्या सगळ्या कुंड्या उघड्याबोडक्या, एक पान नाही, माती भेगाळलेली. हॉस्पिटलच्या धावपळीत कुणी पाणी घातलं नसणार… ताई गेली आणि तिची झाडंही तिच्या मागे चालली, या विचारानं मला जे रडू फुटलं ते तिच्या जाण्यानंही फुटलं नव्हतं. बादली भरून आणली आणि प्रत्येक कुंडीला पोटभर पाणी पाजलं. पुढे रोज तेच. तेवढी एकच गोष्ट मला तिच्यासाठी करता येत होती.

तेराव्याच्या आदल्या दिवशी भावजी मागे येऊन उभे राहिले. "अगं अगं, काय करतेस? पाणी नाही घालायचं! ताणावर आहेत ते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? दर पौषात करते ना ती. बुंध्यापाशी छाटायचं, पानं खुडून टाकायची, पाणी तोडायचं. होळीच्या सुमाराला शेणखत आणि पाणी दिलं की चैत्रात फुलंच फुलं. मला तर कुंडीजवळ तांब्या न्यायची बंदी होती." ते किंचित हसले, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "तुला काय सांगायचं म्हणा, तुला तिनं शिकवलंच होतं. मला नेहमी म्हणायची, मंजूला दहादा सांगितलं, पण ती धसमुसळी, तिच्यानं धीर धरवत नाही."

माझ्या हातात अर्धी बादली होती. त्या म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हणाले, "हो, सांगितलं होतं तिनं. माझंच चुकायचं." दुसरं काय म्हणणार होते? पण घरी आले आणि दार लावून तिला वाट्टेल ते बोलले. फसवलंस मला. डेंग्यूत उशाशी बसलीस आणि एका फुलझाडासाठी फसवलंस! पैसा नाही, अडका नाही, कुणाचा संसार मोडला नाही, त्यामुळे कुणाकडे रडायचीही सोय नाही. माझे यजमान म्हणाले, "अगं, मोगराच तो." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. मोगऱ्याचं नव्हतंच ते. आपल्या हाताला यश नाही असं मी इतकी वर्षं धरून बसले होते, आणि ते तिनं मला धरू दिलं, वर माझी समजूतही काढली.

मुलाबरोबर बंगळुरूला जाताना भावजींनी कुंड्या माझ्याकडे पाठवल्या. "तुझ्याशिवाय कुणाला देणार?" नको म्हणणार होते. मग रागारागानंच ठेवून घेतल्या. पाणी बंद केलं. माझ्या ग्रिलवरच्या लांबोळक्या वेलालाही कात्री लावली, चांगली खसाखसा. होळीला शेणखत घातलं. आणि चैत्रात त्याच बाल्कनीत, त्याच उन्हात, तिच्या कुंड्यांना पांढऱ्या कळ्या आल्या आणि माझ्या वेलालाही आल्या. पहिली कळी दिसली तेव्हा आनंद व्हायला हवा होता… मला पुन्हा एकदा कुणीतरी मुस्कटात मारल्यासारखं झालं.

यंदाचं हळदीकुंकू माझ्याकडे झालं. बायकांनी फुलं हुंगली आणि एकमुखानं म्हणाल्या, "वसुधाताईंनीच वरून आशीर्वाद दिला हो." मी पन्हं ओतत राहिले. तेवढ्यात गुरुग्रामची एक नवी मुलगी, आयटीत नोकरी करणारी, माझ्याजवळ आली. "काकू, माझ्या मोगऱ्याला ना बिल्कुल फुलं नाहीत यार. नुसती वाढतेय ती वेल. काय करू?" सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आणि माझ्या जिभेवर अगदी अलगद, गोड वाक्य आलं, तुझ्या बाल्कनीला ऊन कमी असेल गं. त्या क्षणी वसुधाताई मला जितकी कळली तितकी तिच्या हयातीत कधी कळली नव्हती. पण कळणं वेगळं आणि माफ करणं वेगळं.

मी भांडं खाली ठेवलं आणि शेवटच्या रांगेतल्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं. पौषात छाटायचं, पानं खुडायची, पाणी तोडायचं, होळीपर्यंत तांब्यालाही कुंडीजवळ फिरकू द्यायचं नाही. मुलीनं फोनवर टिपून घेतलं. "अच्छा! हे तुम्हाला वसुधाताईंनी शिकवलं ना?"

"नाही," मी म्हणाले, "भावजींनी."

आता ऊन तापायला लागलं आहे, थोड्याच दिवसांत सकाळीसुद्धा बाल्कनीत बसवणार नाही. तरी अजून रोज माझ्या हातून दोन खुर्च्या बाहेर निघतात. एकीत मी बसते. दुसरी मोगऱ्याच्या कुंड्यांशेजारी, तिच्या नेहमीच्या जागी. फुलं वेचून होतात, चहा निवतो, मी उठत नाही. ऊन सरकत सरकत त्या खुर्चीवर येतं आणि मी तिला म्हणते, बस. बस, आणि आता सांग.