जमादारणीचा उखाणा

बेचाळीसच्या चळवळीनंतरचं ते संक्रांतीचं हळदीकुंकू. आमच्या मिरजेजवळच्या गावात उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय बायकांना वाण मिळत नसे. पोलीस जमादाराच्या बायकोची पाळी आली. ती शांतपणे म्हणाली,

"चांदीच्या ताटात कुंकवाची वाटी,
झेंडा धरल्या पोरांवर ज्यानं उगारली काठी,
त्याचं नाव न्हाई माझ्या ओठी."

माझ्या हातातला तिळगूळ सांडला. सवाष्ण बाईनं, चारचौघींत असं बोलावं!

पुढची पाळी आईची. पन्नास उखाणे तोंडपाठ असलेली माझी आई "मला येत न्हाई" म्हणत वाण न घेताच उठली.

वाटेत मी चिडून विचारलं, "तू का गं न्हाई घेतलंस?"

"त्या पोरांची घरं जमादाराला दाखवली कुणी? तुझ्या बानंच की!"