निवडलेली

खडेमावशींचा उभा जन्म धान्य निवडण्यात गेला. घाऊक धान्याच्या दुकानामागे एक खोली होती. तिथल्या एकुलत्या खिडकीखाली पोतं अंथरून त्या बसत, मांडीवर परात घेत आणि डोळ्यांत तेल घालून डाळीतले खडे वेचत. म्हणून हे नाव. खरं नाव मालकालाही आठवत नसे. दाताखाली खडा आला, की मावशी मात्र सगळ्यांना आठवत.

दिवसभर निवडायचं आणि संध्याकाळी सभेला जाऊन ‘आपण निवडलेले आहोत’ हे ऐकायचं, असा त्यांचा दिनक्रम. सभा म्हणजे त्यांचा लहानसा पंथ. अख्ख्या जगातून देवाने नेमकं आपल्यालाच का निवडलं, हे सभेचे थोरले रोज नव्या उत्साहाने सांगत. मावशींना पहिल्या दोन वाक्यांतच डुलकी लागे. पाठ टेकायला भिंत मिळते, एवढं सुख त्यांना पुरे होतं.

लेकीने सभेबाहेरच्या एका गवंड्याशी लग्न केलं, तेव्हा सभेने दार लावून घ्यायला सांगितलं. मावशींनी लावलं.

आता नवरा अंथरुणाला खिळला होता. एकेकाळी त्याच दुकानात तो मापाडी होता, भरलं पोतं उशीसारखं उचलायचा. आता कूस बदलायलाही मावशींचा हात लागे. डॉक्टरांनी हात टेकले होते. तो बिचारा दुसरं काही मागत नव्हता. “पोरीला एकदा बोलाव गं,” एवढंच म्हणायचा, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच.

मावशी थोरल्यांकडे गेल्या, दातांच्या कण्या केल्या. थोरले माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी पाणी दिलं, आजाऱ्याची चौकशी केली आणि मग मान हलवली.

“ती उंबऱ्याच्या आत आली तर तुमचं नाव सभेतून काढावं लागेल, ताई. उद्या काही बरंवाईट झालं तर खांदा द्यायला आपलं एक माणूस येणार नाही.”

मावशींना वाद घालायचा नव्हता. तेवढं त्राण कुठलं! पण तोंडातून निघून गेलं, “दादा, एक विचारू? मी निवडते तेव्हा बोट लागतं ते खड्याला. चांगल्या दाण्याला कोण हात लावतंय? तो आपला पडून असतो परातीत. मग देवाने आपल्याला निवडलं म्हणजे नक्की केलं काय?”

थोरले हसले. “अहो, निवडलेली डाळ कशाला म्हणता तुम्ही? खडे काढून उरते, तिलाच ना? ती आपण.”

बरोबरच होतं की. मावशी निघाल्या. घरचा जिना मात्र त्या दिवशी चढवेना. आपण डाळ, तर मग खडा कोण? तापात रात्र रात्र मांडीवर घेऊन बसलो, ती आपली पोर? आणि तिला वेचून फेकणारी बोटं कुणाची? जिन्यातच बसून त्या पोटभर रडल्या. मग तिथूनच लेकीला फोन लावला. “ये बाई. बाबा वाट बघतायत.”

लेक तासाभरात आली. बापाने तिचा हात धरला तो सोडेचना. ती दुसऱ्या हाताने त्याला चमच्याने दूध पाजत राहिली, आणि मावशी कितीतरी दिवसांनी नुसत्या बसल्या.

संध्याकाळी सभेतून परतलेली शेजारीण दाराबाहेरच थांबली. “नाव काढलं हो तुमचं,” म्हणाली आणि कुणी बघायच्या आत निघून गेली.

लेकीचा चेहरा उतरला. “आई, माझ्यापायी झालं. आता बाबांना...” पुढचं तिला बोलवेना.

“तुझा नवरा विटा-दगड उचलतो ना? मग त्याचा खांदा भक्कम असेल,” मावशी म्हणाल्या. “त्याचे दोस्तही असतील दोन-चार.”

“आहेत गं. पण तुला सभेने असं टाकलं...”

मावशींनी भिंतीला पाठ टेकली. घरच्या भिंतीलाही पाठ टेकता येते, हे त्यांच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं.

“एवढ्या माणसांतून बरोबर मला बोट लावलं आणि बाहेर टाकलं,” त्या म्हणाल्या. बोलता बोलता त्यांना हसू फुटलं आणि डोळे भरून आले. “आत्ता कुठे मला खरं निवडलं गं!”